पिराजीने गिऱ्हाईक झुळुकेवर नेलं

एका गावात पिराजी नावाचा एक भोळा नवरा होता. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गावाचा शब्द वेगळा होता, पण तो तिच्यासमोर कोणी काढत नसे.

बायकोचं नाव सगुणा. तिच्या कुरडया अख्ख्या तालुक्यात नावाजलेल्या. उन्हाळाभर तिचे हात गव्हाच्या चिकात बुडालेले, म्हणून फोन सांभाळायचं काम पिराजीकडे. फोनमध्ये ‘किलबिल’ नावाचं अ‍ॅप होतं. किलबिलवर सगुणाच्या गिऱ्हाइकांचा ग्रुप होता आणि ऑर्डरी तिथेच यायच्या. पुढे किलबिलवर जाहिरातींचा नुसता सुळसुळाट झाला. कुरडईची चौकशी करावी, तर मध्येच केस वाढवायचं तेल हजर. लोक वैतागले आणि एकेक करून ‘झुळूक’ नावाच्या नव्या ठिकाणी जाऊ लागले. सगुणाला घोर लागला. पावसाच्या आत माल खपला नाही तर तो सादळणार आणि सगळी मेहनत मातीत जाणार.

आपणही झुळुकेवर जाऊ, असं तिने पिराजीला सांगितलं. पण निघताना सगळ्यांचा नीट निरोप घ्या, उगाच कोणाला वाईट वाटायला नको.

“बरं,” पिराजी म्हणाला.

त्याने अगदी नीट निरोप घेतला. किलबिलवर लिहिलं, ‘मंडळी, मी चाललो. आपली बरीच माणसं आधीच तिकडे गेली आहेत. चुकलंमाकलं पोटात घाला. मागचं सगळं सगुणा बघेल.’

बघता बघता अंगण माणसांनी भरलं. गिऱ्हाइकं आली, पाहुणे आले, बायका पदर डोळ्यांना लावून आल्या. गेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सगुणाच्या मामांनी पिठलं-भाकरी आणली. पिराजीने सगळ्यांना पाणी दिलं आणि मग पिठलं-भाकरीवर ताव मारला. शेवटी मामांनी विचारलं, गेलं तरी कोण?

“मी,” पिराजी म्हणाला. “पर आजून निघालो न्हाई. चार्जिंग संपलंय.”

मंडळी गेल्यावर सगुणाने कपाळावर हात मारला. जाताना असा गाजावाजा करायचा नसतो, गुपचूप उठायचं आणि निघायचं, असं तिने बजावलं.

“बरं,” पिराजी म्हणाला.

तो गुपचूप निघाला. झुळुकेवर गेला, तिथे नवा ग्रुप काढला आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. रोज सकाळी तो ‘कुरडया तयार आहेत’ असं लिही. रोज संध्याकाळी तोच ‘वा, छान’ असं उत्तर देई. माळवदावर कुरडया वाळून खडखडीत झाल्या, तरी ऑर्डर येईना. सगुणाने हात पुसून फोन बघितला. ग्रुपमध्ये तिचा नवरा एकटाच होता.

“अवो, एकटं जाऊन काय उपेग? जिथं जाल तिथं आपली गिऱ्हाइकं संगं घेऊन जायची. एक बी मागं ठेवायचं न्हाई.”

“बरं,” पिराजी म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी सगुणाच्या धाकट्या भावाचा साखरपुडा होता. मुलीकडच्यांनी घरची मोजकी माणसं बोलावली होती. पिराजी टेम्पो भरून गिऱ्हाइकं घेऊन गेला. शिरा फार सुरेख झाला होता म्हणतात. नवरदेवाला सांगता येणार नाही, कारण तो त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. मेव्हण्याने बहिणीशी बोलणं टाकलं. गिऱ्हाइकं मात्र खूश होऊन, आम्ही सगळे तुमच्या झुळुकेवर येतो, असा शब्द देऊन गेली.

सगुणाने पिराजीला पुन्हा समोर बसवलं. आल्यागेल्याला असं आत घ्यायचं नसतं, आधी चेहरा बघायचा आणि ओळखीचा असेल तरच घ्यायचं, असं तिने समजावलं. पिराजी बरं म्हणाला.

गिऱ्हाइकं शब्दाला जागली. झुळुकेवर येऊन त्यांनी ग्रुपमध्ये घ्यायची विनंती केली. पिराजीने एकेकाचा चेहरा बघितला. कोणी फोटोला गणपती लावला होता, कोणी गुलाब, कोणी नातवाचं बाळरूप. गणपती ओळखीचा होता, त्याला हात जोडून आत घेतलं. बाकीच्यांना हाकललं. तालुक्याच्या खानावळवाल्या अनसूयाक्का दरवर्षी निम्मा माल एकट्या उचलायच्या. त्यांच्या फोटोत त्यांची लाडकी शेळी होती. पिराजीने त्यांना कळवलं, ‘शेळीला कुरडई मिळणार नाही.’

हे ऐकून सगुणाला रडूच आलं. तिने रडत रडत नवऱ्यापुढे हात जोडले.

“आपली गिऱ्हाइकं अशीच दिसत्यात. कुणी गुलाब, कुणी बाळ. आन् शेळी दिसली की समजायचं आक्का आल्या. त्यास्नी कधी बी अडवायचं न्हाई.”

“आसं व्हय,” पिराजी म्हणाला. त्याला नवीनच काहीतरी कळलं होतं.

त्याने सगळ्यांची माफी मागून सगळ्यांना आत घेतलं. ऑर्डरी धडाधड आल्या. सगुणाचा जीव भांड्यात पडला. तिने शेवटचं काम सांगितलं. किलबिलवरचा जुना ग्रुप तेवढा जाऊन कायमचा बंद करून या.

पिराजी निघाला, आणि त्याला आठवलं की जिथे जाल तिथे गिऱ्हाइकं सोबत न्यायची. त्याने एकेकाला झुळुकेवरून काढलं आणि परत किलबिलवर नेऊन बसवलं. एकही मागे ठेवलं नाही. मग ग्रुप कायमचा बंद केला आणि गुपचूप परत आला.

आता ना जुना ग्रुप उरला, ना नव्यात गिऱ्हाईक. पण तिच्या कुरडयांना चव होती, आणि घर सगळ्यांना ठाऊक होतं, कारण पिराजी गेला तेव्हा सगळे येऊन गेले होते. फोनचा नाद सोडा, आम्हीच उद्या येऊन माल नेतो, असा मामांकरवी सगळ्यांचा सांगावा आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच सगुणाने सगळा माल ओसरीवर चटई टाकून मांडला. भावाचा रुसवा काढायला तिला माहेरी जाऊन यायचं होतं. गिऱ्हाईक ओळखून आत घ्या, मागेल तेवढं द्या, एवढंच सांगून ती गेली.

दुपारी परतताना तिला रस्त्यात गिऱ्हाइकं भेटली. सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या होत्या. अनसूयाक्का तर तिच्याकडे न बघताच पुढे गेल्या. सगुणा धावत घरी आली.

ओसरीवरच्या चटईवर एक कुरडई शिल्लक नव्हती. चटईच्या मधोमध शेजाऱ्यांची शेळी बसली होती आणि पिराजी तिला टॉवेलने वारा घालत होता.

“कुणीतरी माणसं आली व्हती,” तो हळूच म्हणाला. “निरखून बघितली. त्यात ना गुलाब, ना बाळ. समदी वाटंला लावली. पर आक्का शब्दाला पक्क्या. मागच्या दारानं आल्या आन् समदा माल हितंच संपवला.”