सुंद्राक्कांचं इंग्रजी

श्रमदानातून उभ्या राहिलेल्या गावच्या सभागृहात बायकांच्या इंग्रजी वर्गाचा समारोप होता. सुंद्राक्का माइकपुढे आल्या. "मायसेल्फ सुंद्रा घोलप!"

अध्यक्ष भाऊसाहेब खो खो हसले. "अहो बाई, मायसेल्फ नाही, आय म्हणायचं. ऐका! आय बिल्ट धिस हॉल. हे सभागृह मी बांधलं. आता असंच एक वाक्य करा बघू."

अक्कांनी पदर खोचला. "आय कॅरीड द ब्रिक्स. विटा मी वाहिल्या."

समोरच्या रांगेतून हौसा उठली. "आय ब्रॉट वॉटर!"

मागून पारूबाई ओरडल्या, "आय मिक्स्ड सिमेंट!"

बघता बघता सगळ्या बायका उभ्या राहिल्या.

माइक भाऊसाहेबांपुढे धरत अक्का म्हणाल्या, "आय तर सगळ्यांनीच बरोबर लावला, साहेब. आता सांगा, खोटं वाक्य कुणाचं?"