बांधलेल्या नावा आणि दोन जामीन

पूर्वी कुशावती नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अमात्याच्या कुळात जन्मले आणि वयात आल्यावर स्वतः अमात्य आणि राजमुद्रेचे अधिकारी झाले. त्यांच्या शिक्क्यावाचून नगरात कोणताही हुकूम चालत नसे.

तिथली रीत अशी, की जामीन राहणाऱ्याने आरोपीचा हात धरून नदीची शपथ घ्यायची. ठरल्या दिवशी वेळ मोजायचे घटिकापात्र तिसऱ्यांदा बुडेपर्यंत आरोपी आला नाही, तर त्याची शिक्षा जामिनाने भोगायची. नदीपलीकडच्या कट्ठक गुराख्याची गाय राजाच्या बागेत शिरली, एवढाच त्याचा गुन्हा. पुण्णक कुंभार आणि सामा माळीण त्याला जामीन राहिले. पात्र तीनदा बुडाले, कट्ठक आला नाही, आणि पिंगल नावाच्या धर्माधिकाऱ्याने दोघांना तीन वर्षे दगडखाणीत धाडायचा निवाडा दिला.

हे ऐकून बोधिसत्त्वांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि इथे तर चोरही नव्हता. त्यांनी पिंगलाला जाब विचारला. नियम तो नियम, क्षमा करणे राजाच्या हाती, असे म्हणून तो मोकळा झाला. मग कट्ठक का आला नाही हे शोधायला ते घाटावर गेले. नावाड्याने मान वर न करता सांगितले, की त्या दिवशी महाराजांची जलक्रीडा होती आणि सगळ्या नावा बांधून ठेवायचा हुकूम होता. कट्ठक पैलतीरावर दिवसभर हाका मारीत उभा होता. हुकूम कोणाचा, असे विचारताच नावाड्याने ताडपत्र पुढे केले. त्यावर शिक्का बोधिसत्त्वांचाच होता. न्यायसभेच्या दिवसांची यादी आणि हा हुकूम, दोन्हींवर त्यांनी एकाच बैठकीत न वाचता मुद्रा उमटवली होती.

आता राग कोणावर काढायचा? तो निवायच्या आत ते भर सभेत राजापुढे जाऊन उभे राहिले आणि जामिनांसाठी क्षमा मागितली. राजाचे म्हणणे असे, की आज जामीन सोडले तर उद्या एकही आरोपी न्यायसभेची पायरी चढणार नाही.

“महाराज, आज यांना खाणीत धाडलंत तर उद्या कोणी कोणाचा हात धरणार नाही,” बोधिसत्त्व म्हणाले. “निरपराध माणूससुद्धा बंदिशाळेत कुजेल. खाणीत कोणी हवंच असेल तर मला धाडा. नावा मी बांधल्या. आपल्याला पाण्यात खेळायचं होतं म्हणून बांधल्या.”

राजाचा चेहरा लाल झाला. रागाने की लाजेने, ते त्यालाच ठाऊक. त्याने दोघांना सोडायची आज्ञा दिली, कट्ठकाला नवा दिवस नेमून दिला, आणि न्यायसभेच्या दिवशी नावा कधीही बांधू नयेत असे ठरवले.

बोधिसत्त्व स्वतः बंदिशाळेत गेले आणि राजाने क्षमा केल्याचे त्यांनी सांगितले. सामा पदराची धूळ झटकत उठली.

“क्षमा कसली, अमात्य? आम्ही काही केलंच नव्हतं. क्षमा तुम्ही मागा.”

बोधिसत्त्वांनी हात जोडून ती मागितली. पुण्णकाने दिली. सामा मात्र ती न देताच त्यांच्यासमोरून घरी निघून गेली, आणि तिचा त्यांना राग आला नाही.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, त्या जन्माचा या जन्माशी मेळ घातला. “तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आनंद, पिंगल म्हणजे देवदत्त, सामा म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि न वाचता शिक्का मारणारा अमात्य मीच. भिक्षूंनो, तिची क्षमा मिळायला मला पुढे कित्येक जन्म लागले. आपल्या हातून घडलेला अन्याय भर सभेत आपल्याच तोंडाने सांगणे, ही सत्यपारमिता होय.”