गच्च म्यान

सुऱ्या आणि म्यानं एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. टोपल्या विणणाऱ्या ठकूबाईची सुरी बाभळीच्या दोन फळ्या दोरीनं बांधून केलेल्या म्यानात राहायची. म्यान तिला गच्च धरून ठेवायचं.

“आत-बाहेर होताना माझी धार तुझ्या लाकडावर घासते. थोडं सैल हो ना,” सुरी विनवायची.

“आणि पडलीस म्हणजे? तुझी एवढी काळजी दुसरं कोण करतं?” म्यान म्हणायचं.

बोथट सुरीनं बांबू नीट चिरेना. “या सुरीतच दम नाही,” म्हणत ठकूबाई तिला रोज दगडावर घासायची. झिजून झिजून सुरी काडीएवढी उरली.

एकदा म्यानाची दोरी सुटली आणि त्याच्या दोन्ही फळ्या वेगळ्या झाल्या. आत धारेनं पडलेले चरे ठकूबाईला दिसले. “अगं बाई! धार इथं जात होती होय!”

तिनं त्याच सुरीनं आतलं लाकूड कोरायला घेतलं. धारेपुरती जागा झाली आणि शेवटचा कपचा काढताना सुरी मोडली.

बाजारातून नवी सुरी आली. पुन्हा बांधलेल्या म्यानात ती ऐसपैस बसली. धार कुठंही टेकली नाही.

“किती मोकळं आहे इथं!” ती म्यानाला म्हणाली. “माझ्या आधीची तुझ्याकडे किती सुखात राहिली असेल!”