वर्तुळातला चहा

आमचं बंदर डोंगराआड. मीडियम वेव्हवर वादळाची सूचना खरखरीत बुडायची, म्हणून सरकारने डोंगरापलीकडे एफएमचा मनोरा उभारून तोच कार्यक्रम त्यावर लावला. तरी गावात आवाज येईना, आणि होड्या रोज समुद्रात जात होत्या. मनोरा डोंगरमाथ्यावर हलवा, असा मच्छीमार सोसायटीच्या हिरूताई डोर्लेकरांनी हेका धरला.

शेवटी रेडिओ खात्याचे देवस्थळी साहेब आले आणि त्यांनी सोसायटीत नकाशा पसरला; कुठल्या केंद्राचा आवाज कुठवर जातो, त्याची वर्तुळं त्यावर आखलेली होती.

"एफएमचं वर्तुळ मूळ मीडियम वेव्ह केंद्राच्या वर्तुळात राहिलं पाहिजे, हा नियम. ते राहिलंय. आणि तुमचं गाव त्या वर्तुळात आहे, म्हणजे आवाज पोचतो. विषय संपला. चहा सांगा."

हिरूताईंनी कागदावर मागच्या खोलीतली चूल काढली, साहेबांची खुर्ची काढली आणि दोन्हींभोवती मोठं वर्तुळ ओढलं.

"घ्या साहेब, चहा पोचला."

"कुठाय?"

"खुर्ची वर्तुळात आहे ना? मग पोचला. मधे भिंत आहे, पण ती कागदावर कुठे दिसते?"

सोसायटीत हशा पिकला. साहेबांनी नकाशाची घडी घातली.

"बरं बाई, चहा द्या. मग डोंगर बघू."

"आधी डोंगर, साहेब," थर्मास उचलत हिरूताई म्हणाल्या. "चहा माथ्यावर."