भिंतीच्या पोटातला भात

लांब चीन देशात, पिवळ्या पाण्याच्या एका नदीकाठी एक गाव होतं. त्या गावात भिंत पोटभर जेवायची आणि पोरं उपाशी निजायची. हसू नका बाळांनो, अगदी असंच होतं.

नदी दर पावसाळ्यात गावात घुसायची. घरं तरी कशी, तर भाताचा पेंढा तुडवून मातीत कालवलेल्या भिंती, वर लव्हाळ्याचं छप्पर आणि खिडकीला तुतीच्या सालीचा कागद. पाणी आलं की सगळं विरघळून जायचं. म्हणून राजाने हुकूम सोडला, की नदीकाठी अशी भिंत बांधा, जी हजार वर्षं हलणार नाही.

नुसत्या चुन्याने दगड धरतात खरे, पण पाणी मुरलं की सुटतात. तिथल्या गवंड्यांकडे एक जुनी युक्ती होती. चिकट तांदळाची दाट दाट खळ शिजवायची, ती चुन्यात कालवायची आणि दगडांच्या सांध्यात भरायची. वाळली की अशी घट्ट, की दाभणसुद्धा आत शिरू नये! मग काय, गावातला सगळा तांदूळ भिंतीकडे निघाला. कणगीतला गेला, मडक्यातला गेला. शेजारच्या म्हातारीने बियाण्यासाठी म्हणून उशाखाली बांधून ठेवलेला मूठभर, तोही गेला. आणि नेमका त्याच वर्षी पाऊस रुसला.

त्या गावात यिंग नावाची एक मुलगी होती. आईबाप नव्हते. होता एक इवलासा भाऊ, दौदौ. दौदौ म्हणजे त्यांच्या भाषेत शेंगेतला दाणा, आणि होताही तो तेवढाच. यिंग भिंतीपाशी खळीची काहील ढवळायची. वल्ह्याएवढा मोठा लाकडी कालथा, आणि कालथ्यापेक्षा बारीक तिचे हात. कुणी खळ चाटू नये म्हणून ढवळणाऱ्या बायकापोरींच्या तोंडाला फडकं बांधलेलं असायचं. मोत्यासारखे पांढरे बुडबुडे रटरट उठायचे, गोड गोड वाफ नाकात शिरायची आणि पोट पाठीला चिकटायचं.

"मुकादमकाका," एकदा तिने फडक्याआडून विचारलं, "खरवड तरी नेऊ का? माझ्या भावाला."

मुकादम हसला. "भिंत जेवली तर गाव जगेल. पोरं काय, पुन्हा होतील! ढवळ, करपतंय."

दिवसभराच्या कामाबद्दल तिला वाटीभर कोंड्याची पेज मिळायची. ती घेऊन घरी आली, तर दौदौ खिडकीला तोंड लावून उभा. कागद चौकटीला खळीने चिकटवलेला असतो ना, ती वाळकी खळ तो जिभेने ओली करून चाटत होता. कागद सुटून फडफडत होता.

"अरे, वारा येईल ना आत!"

"ताई, वारा येऊ दे," तो म्हणाला. "ही गोड लागते."

पेइ नावाचे एक गवंडी शेजारी राहायचे. ते कधी कधी आपली पेज दौदौच्या वाटीत ओतायचे आणि म्हणायचे, "मला काय, चुना खाऊन माझं पोट पांढरं झालंय." दौदौ खुदकन हसायचा. पण आता आता त्याला हसायलाही धाप लागायला लागली होती. पाय काटकुळे, उभं राहिलं की लटपटायचे. यिंग रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी त्याच्या छातीवर हात ठेवायची. धडधड लागली, की मगच डोळे उघडायची.

एके दिवशी मुकादमाने तिला गवंड्यांना उभं राहायच्या परांचीसाठी वेळू आणायला पाठवलं. वेळूचं बन गावाबाहेर होतं. बाहेर सगळं रान करपलेलं, पण बनात हिरवा हिरवा उजेड! पानं पाचूसारखी लुकलुकत होती. तिथे एक जाड वेळू तोडणाऱ्यांनी अर्धाच चिरून सोडला होता. चिरेत लाकडाची पाचर ठोकलेली. आणि आतून कुणीतरी अगदी बारीक आवाजात रडत होतं.

यिंगने वाकून पाहिलं. चिरेत अंगठ्याएवढी एक परी! वेळूच्या पोटात कसा पातळ चंदेरी पापुद्रा असतो, तसे तिचे पंख. एक पंख चिरेत चेपला होता.

"पाचर काढू नकोस गं," परी कळवळली. "काढलीस तर चीर मिटेल, मी चिरडून जाईन."

मग यिंगने आपलेच हात चिरेत घातले आणि जोर लावून दोन्ही फाकी दूर धरल्या. वेळूची धार म्हणजे सुरीच. तळवे कापले, रक्त मनगटावरून ओघळलं, पण परी फुर्रकन बाहेर आली तेव्हाच तिने हात काढले.

परीने तिच्या तळव्यांवर फुंकर घातली. "मी वेळूपरी. तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण नियम आहेत हं. सोनंनाणं मला येत नाही. झाडापानांचं, दाण्यापेंढ्याचं जे असेल तेच मागायचं. आणि मी नवीन काही घडवत नाही. एकीकडचं दुसरीकडे देते, एवढंच. एकदा मागितलं की माघारी नाही."

यिंगने पुढचं ऐकलंच नाही. भुकेल्याला तेवढा दम कुठला! "माझ्या दौदौला पोटभर भात!" ती ओरडली.

घरी आली तर काय, चुलीवर वाफाळता पांढराशुभ्र भात, जाईच्या कळ्यांसारखा! दौदौ खात सुटला, दोन्ही हातांनी. यिंगने त्याला सगळा दिला आणि मग नुसतं भांडं चाटलं. दौदौच्या गालांवर गुलाबी रंग चढला. तिला वाटलं, झालं, सुटलो.

सकाळी भिंतीपाशी आरडाओरडा झाला. मुकादम रोज सांध्यांत दाभण खुपसून पाहायचा. पेइकाकांनी बांधलेल्या भागात आज दाभण भसकन आत गेलं आणि चुन्याची कोरडी भुकटी भुरभुर खाली पडली. आतली खळ नाहीशी झाली होती.

"तांदूळ चोरलास!" मुकादम गरजला. "चोराला त्याच भिंतीत चिणायचं. सूर्य मावळायच्या आत!"

पेइकाकांचे हात मागे बांधले. ते नुसते आपल्या भिंतीकडे पाहत राहिले, जशी काही तीच त्यांच्याशी खोटं बोलली होती.

यिंग बनाकडे पळत सुटली. मागून दौदौही आला, आणि पळत आला! काल ज्याला उभं राहवत नव्हतं, तोच हा पोरगा.

"तू भिंतीतला भात आणलास?" यिंगने परीला विचारलं.

"गावातला सगळा तांदूळ भिंतीतच आहे, मी दुसरीकडून कुठून आणू?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

परीने मान खाली घातली. "मला सांगायची मुभा नाही गं. कुठून येणार, ते मागणाऱ्यानेच विचारायचं असतं. विचारलं तर मी खरं सांगते. पण कुणी विचारतच नाही."

यिंग रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पेइकाकांची भिंत पुन्हा घट्ट व्हायला हवी. कुठून येईल?"

परीने दौदौकडे पाहिलं. त्याच्या गुलाबी गालांकडे. एवढंच.

यिंगने झटकन भावाला मिठीत ओढलं. "नाही! ते नाही!"

दौदौला सगळं कळलं. लहान पोरांना वाटतं त्याहून जास्त कळतं. तो म्हणाला, "ताई, काकांनी मला त्यांची पेज दिली होती. त्यांना चिणलं तर त्यांना आत अंधार वाटेल. देऊन टाक."

"तुला पुन्हा भूक लागेल रे राजा."

"मला भुकेची सवय आहे," दौदौ म्हणाला. "काकांना चिणून घ्यायची कुठे आहे?"

यिंगने डोळे गच्च मिटून मागितलं. तिच्या मिठीतलं अंग एकदम हलकं झालं, वाळक्या पानासारखं. तिकडे मुकादमाने शेवटचं म्हणून दाभण पुन्हा खुपसलं, आणि ते वाकलं. त्याने पेइकाकांना सोडलं आणि वर त्यांनाच शिव्या दिल्या.

बनात यिंग भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. धडधड लागत होती, पण दूरवरून यावी तशी.

"अजून एक इच्छा आहे," परी हळूच म्हणाली.

"जो भिंतीत नाही, कुणाच्या पोटातलाही नाही, असा एक तरी दाणा आहे का गं कुठे?" यिंगने विचारलं.

परीने बनाच्या शेंड्यांकडे पाहिलं. "आहे. माझ्याकडे. वेळू जन्मात एकदाच फुलतो. मग त्याला दाणे येतात, भातासारखे. आणि मग सगळं बन वाळून जातं. मीसुद्धा."

यिंगने दौदौकडे पाहिलं. परीच्या चेपलेल्या पंखाकडे पाहिलं. ओठ इतके घट्ट चावले, की रक्त आलं.

"मग मी मागत नाही," ती म्हणाली. आणि ओक्साबोक्शी रडायला लागली, कारण तिला मागायचं होतं.

परी तिच्या गालावर येऊन बसली. "वेडे, नियम मागणाऱ्याला आहेत. न मागितलेलं मी माझ्या मनाने देऊ शकते. हे कुठून येतंय, ते तुला माहीत आहे. विसरू नकोस, एवढंच."

आणि परी चमकली. आधी काजव्याएवढी, मग दिव्याएवढी, मग सगळ्या बनाएवढी! हिरवा, पिवळा, सोनेरी उजेड शेंड्याशेंड्यातून झिरपला. उजेड विझला तेव्हा परी नव्हती. साऱ्या बनाला फिकट फुलांचे झुबके लटकले होते, आणि झुबक्यांतून दाणे गळत होते. टप टप, टप टप, यिंगच्या केसांत, दौदौच्या मुठीत.

मुकादम पोती घेऊन धावत आला. दाणे शिजवले, बोटांत धरून ताणले. तार येईना. "चिकट नाहीत!" तो थुंकला. "भिंतीच्या कामाचे नाहीत. खा मेल्यांनो!"

गाव जेवलं. दौदौ जेवला. शेजारच्या म्हातारीपर्यंत मात्र वाटी पोचली तेव्हा ती आदल्या रात्रीच गेली होती. उशाखाली रिकामी पुरचुंडी होती.

पुढे नदीला महापूर आला आणि भिंत तसूभरही हलली नाही. राजाने तिच्यावर आपलं नाव कोरून घेतलं. लोक म्हणायचे, काय मजबूत दगड आहेत! आतल्या भाताचं कुणी बोललं नाही.

बन वाळून खडखडीत झालं. यिंगने मूठभर दाणे राखून तिथेच पेरले होते, त्यांना हिरवे कोंब आले. रोज संध्याकाळी ती कोंबांपाशी जाऊन वाकून बघायची, पण आत कुणी नसायचं.

दौदौ मोठा झाला, धष्टपुष्ट झाला, पेइकाकांच्या हाताखाली गवंडी झाला. पण कुणी कितीही आग्रहाने ताट वाढलं, तरी त्याचा हात आधी थांबायचा. तो बहिणीकडे पाहायचा आणि लहानपणी विचारायचा तसंच विचारायचा,

"ताई, हे कुठून आलं?"

आणि ती नीट सांगेपर्यंत तो घास उचलायचा नाही.