उजवं फूल

प्राणी देवाला कौल लावायचे, तेव्हाची गोष्ट. देवराईत पुढारी निवडायचा होता. वानर म्हणाला, "देवालाच विचारू. उजवं फूल पडलं, तर पुढारी मीच!" त्याने मूर्तीला पाण्याने दोन फुलं चिकटवली, पण उजवं मुद्दाम सैल. ते लगेच पडलं. सगळ्यांनी भक्तिभावाने हात जोडले.

साळिंदरबाई म्हणाली, "वानरराव, आणखी एक विचारा की. पाणवठ्यातला गाळ तुम्हीच उपसावा, अशी देवाची इच्छा आहे का?"

वानराने बेसावधपणे मघासारखंच उजवं फूल सैल लावलं. तेही पडलं!

प्राणी आनंदाने नाचू लागले. संध्याकाळी नितळ पाणी पिताना साळिंदरबाईने विचारलं, "उद्या वाटेवरच्या काट्यांचं विचारूया?"

चिखलाने माखलेला वानर ओरडला, "देवाला कशाला मध्ये घेता? मतंच घ्या!"