गळ्यातले बूट

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्याला घेऊन डोंगरापलीकडच्या वस्तीकडे निघाले होते. तिथे एक बाळंतीण चार दिवस तापाने फणफणत होती. निरोप घेऊन आलेल्या तिच्या दिराने हात जोडून सांगितले होते की, आज दिवस मावळायच्या आत औषध पोटात गेले नाही तर तान्ह्याला आई उरणार नाही. एवढे सांगून तो माघारी धावला होता. गुरुशिष्य औषधांची पडशी बांधून मागोमाग चालू लागले.

शिष्याचे नाव त्र्यंबक. वैद्यांनी एका चामड्याच्या व्यापाऱ्याचा जुनाट दमा बरा केला होता, आणि त्याने उपकार स्मरून दोघांनाही घोट्याच्या वर येणारे जाड कातड्याचे बूट दिले होते. मेण चोळून मऊ केलेले ते बूट देताना तो म्हणाला होता की, यांतून पाण्याचा थेंबही आत झिरपायचा नाही.

आणि ते खरेच होते. सकाळभर दोघे दवाने भिजलेल्या गवतातून चालले, चिखल तुडवला, मध्ये पावसाची एक सर येऊन गेली. तरी त्र्यंबकाचे पाय कोरडेठाक राहिले. पावलागणिक तो मनोमन त्या व्यापाऱ्याला दुवा देत होता.

दुपारी ओढा लागला. पाणी गुडघ्याला लागेल इतके होते. वैद्य काठावर बसले. त्यांनी बूट काढले, पायमोजे पडशीत ठेवले, नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवले आणि काठीने ठाव घेत अनवाणीच त्या गार पाण्यात उतरले. शिष्यालाही त्यांनी तसेच करायला सांगितले. त्र्यंबकाला नवल वाटले. पाण्यासाठी केलेले बूट नेमके पाण्यातच काढायचे? उशीर होतो आहे, असे म्हणून तो बुटांसकट ओढ्यात शिरला.

पलीकडे निघाला तेव्हा दोन्ही बूट काठोकाठ भरले होते. त्याने ते ओतून पुन्हा घातले; वैद्य मात्र ओले पाय वाळेपर्यंत बूट गळ्यातच ठेवून अनवाणी चालू लागले. पण कोसभर गेल्यावर भिजलेल्या टाचांना फोड आले आणि चढावर पाऊल उचलवेना. सकाळची कृतज्ञता कुठल्या कुठे गेली.

"फसवलं त्या व्यापाऱ्यानं," तो म्हणाला.

वैद्य थांबले. त्याला एका दगडावर बसवून त्यांनी फोडांना मलम लावले, बुटांत सुके गवत कोंबून ओल टिपून घेतली आणि पडशीतले कोरडे पायमोजे त्याच्या हाती दिले. मग शांतपणे बोलले.

"त्र्यंबका, कातड्याला एकच काम ठाऊक आहे, पाणी अडवायचं. बाहेरचं ते बाहेर अडवतं, आणि आत शिरलेलं आतच अडवतं. पाणी वरून आत सांडलं, यात त्याचा काय दोष? सकाळपासून त्यानं तुला सांभाळलं. घटकाभर त्याला सांभाळायची पाळी तुझी होती. उपकार मानायचे म्हणजे नुसतं चांगलं म्हणायचं नव्हे, बाळ. ज्याच्या जिवावर आपण चालतो, त्याला काय झेपणार नाही ते ओळखायचं आणि तिथं भार आपण उचलायचा."

एवढे बोलून वैद्यांनी पाठमोरे बसून आपलेही बूट चढवले. त्र्यंबक खाली मान घालून उठला. फोड दुखत होते, पण पाऊल पडू लागले.

दिवस डोंगराआड जाण्यापूर्वी दोघे वस्तीवर पोचले. वैद्यांनी नाडी पाहिली. त्र्यंबकाने काढा उकळला आणि बाळंतिणीला चमचाचमचा पाजला. हळूहळू तिला घाम फुटला, ताप उतरू लागला. तिने डोळे उघडून पहिल्यांदा बाळाकडे हात नेला, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या दिराला रडू आवरेना.

वैद्य बाहेर येऊन ओट्यावर टेकले आणि त्यांनी बूट काढले. त्र्यंबक पाहतच राहिला. आत पायमोजे नव्हते. जाड कातड्याने दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या. पडशीत होता तो एकच जोड होता, आणि तो आपल्या पायांत आहे, हे त्याला आता उमगले. अख्ख्या चढावर गुरुजी साधे कण्हलेही नव्हते.

त्याने घरातून कोमट पाणी मागून आणले, ओट्याखाली बसला आणि गुरुजींचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

आपण सुखरूप पोचलो, की एकदा वाकून पाहावे. आपल्याला पोचवणाऱ्याचे पाय कसे आहेत ते.